भोवळ, अंधारी आणि तोल
(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त गुरुग्राम येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यान)



१० जुलै २०२५ रोजी सकाळी नऊच्या सुमारास झज्जर येथे केंद्र असलेल्या ४.४ तीव्रतेच्या भूकंपाचे धक्के गुरुग्रामलाही जाणवले. अशा क्षणी उंच इमारतीतील माणूस प्रथम शेजारच्याकडे पाहतो. त्यालाही जाणवले असेल तर भूकंप. आपल्या एकट्यालाच जाणवले असेल तर चक्कर! भूकंपाचे केंद्र काही मिनिटांत शोधले जाते. चक्करेचे केंद्र शोधण्याचे कष्ट मात्र फारसे कोणी घेत नाही. मुलाकडे राहावयास आलेल्या आजी पहाटे कुशीवर वळतात, खोली गरगर फिरू लागते आणि घरात लगेच निदान होते : पित्त, रक्तदाब किंवा मानेचे मणके. एक गोळी सुरू होते आणि ती वर्षानुवर्षे चालू राहते. आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे : गोळीच्या आधी प्रश्न विचारले पाहिजेत.

या बाबतीत आपली भाषा संपन्न आहे. भोवंडून येणे किंवा घेरी येणे म्हणजे भोवतालचे जग फिरत असल्याचा भास. डोळ्यांपुढे अंधारी येणे म्हणजे आता शुद्ध हरपणार अशी जाणीव. तोल जाणे म्हणजे डोके शांत असतानाही पाय डळमळणे. ‘माधवनिदान’ या प्राचीन ग्रंथानेही मूर्च्छा आणि भ्रम यांचा विचार एकाच प्रकरणात, पण वेगवेगळा केला आहे. परप्रांतात डॉक्टरांसमोर बसल्यावर मात्र हे सारे भेद ‘चक्कर’ या एकाच शब्दात बुडून जातात. शिवाय घाबरलेल्या माणसाचे वर्णन दर वेळी बदलते. म्हणून आजचे तज्ज्ञ तीन प्रश्नांवर भर देतात : चक्कर किती वेळ टिकते? कशाने सुरू होते? आणि तिच्यासोबत आणखी काय होते?

या प्रश्नांचे महत्त्व समजण्यासाठी तोल सांभाळणारी यंत्रणा पाहिली पाहिजे. डोळे, कानाच्या अंतर्भागातील तोलेंद्रिय आणि पायांच्या स्नायू-सांध्यांतील संवेदना या तिघांची वार्ता मेंदूकडे सतत जात असते. अंतर्कर्णात परस्परांशी काटकोनात असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत आणि त्यांत द्रव आहे. फुगडी घालणाऱ्या मुली थांबल्या तरी त्यांच्या कानांतील द्रव क्षणभर फिरतच राहतो. म्हणून अंगणही फिरताना दिसते. गुरुग्राम हे परंपरेने द्रोणाचार्यांचे गाव. त्यांच्या परीक्षेत अर्जुनाला पक्ष्याचा केवळ डोळा दिसला, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. डोके हलले तरी नजर स्थिर ठेवण्याचे काम याच नलिका करतात. एकाग्रता अर्जुनाची खरी. पण तिला या चिमुकल्या इंद्रियाचीही साथ होती!

चक्करेचे मूळ कानात असू शकते, हे जगाला पटण्यास वेळ लागला. १८६१ मध्ये प्रॉस्पर मेनिएर या फ्रेंच वैद्याने ते ठामपणे मांडले. कान धुताना पाणी अतिथंड वा अतिउष्ण असेल तर रुग्णाला भोवळ येते आणि त्याची बुबुळे ठरावीक दिशेने झटके देतात, हे व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांनी अभ्यासले. त्यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते.

सर्वाधिक आढळणारी भोवळ कानातील कणांमुळे येते. अंतर्कर्णात कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीच्याच द्रव्याचे, सूक्ष्म स्फटिक असतात. वयोमानाने किंवा डोक्याला मार लागल्याने ते सुटून नलिकेत शिरतात. मग कुशीवर वळताना, वर माळ्याकडे पाहताना किंवा अंथरुणातून उठताना सारे गरगरते. परंतु एका मिनिटाच्या आत थांबते. डॉक्टर रुग्णाची मान एका बाजूस वळवून त्याला झटकन आडवे करतात आणि बुबुळांची हालचाल पाहतात. डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये वर्णिलेली ही तपासणी काही मिनिटांत होते. तिला यंत्र लागत नाही.

उपचारही तसाच साधा आहे. अमेरिकेतील जॉन एपली यांनी डोके ठरावीक क्रमाने वळवून कण नलिकेबाहेर काढण्याची युक्ती शोधली. समव्यावसायिकांनी प्रारंभी त्यांची थट्टा केली; १९९२ मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला आणि आज ही पद्धत जगभर रूढ आहे. बहुतेक रुग्णांना एक-दोन वेळांतच आराम पडतो. मात्र कोणता कान व कोणती नलिका हे प्रथम जाणकाराने ठरवावे. मानेचा विकार असलेल्यांनी तर परस्पर प्रयोग करूच नये. चक्कर दाबणाऱ्या गोळ्यांनी हे कण जागेवर जात नाहीत. उलट अशा काही गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास मेंदूची स्वतःहून सावरण्याची प्रक्रिया मंदावते आणि वृद्धांत सुस्ती व कंप येऊ शकतो. तीच गोष्ट मानेच्या पट्ट्याची. उतारवयात एक्स-रेमध्ये मणक्यांची झीज बहुतेकांना दिसते. म्हणून ती चक्करेचे कारण ठरत नाही.

इतर कारणेही ध्यानात ठेवावीत. उभे राहताच अंधारी आली तर रक्तदाब घसरल्याची शंका घ्यावी. येथील कडक उन्हाळ्यात पाणी कमी पडल्याने किंवा रक्तदाबाच्या औषधाची मात्रा अधिक झाल्याने तसे घडते. मधुमेह्यांनी साखर तपासावी. भोवळ काही तास टिकत असेल, कानात आवाज येत असतील आणि ऐकू कमी येत असेल, तर मेनिएरच्या विकाराचा विचार होतो. अर्धशिशीतही भोवळ येते.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. अचानक भोवळ आली आणि सोबत बोबडी वळली, एकाचे दोन दिसू लागले, तोंड वाकडे झाले, एका बाजूचे हातपाय लुळे वा बधिर पडले, तीव्र डोकेदुखी सुरू झाली किंवा आधाराविना उभेच राहता येईना, तर तो पक्षाघात असू शकतो. तेथे कांदा हुंगवण्यात वा लिंबूपाणी पाजण्यात वेळ दवडू नये. ११२ क्रमांक फिरवावा आणि थेट मोठे रुग्णालय गाठावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. छातीत दुखणे, धडधड किंवा शुद्ध हरपणे सोबत असेल, तरीही विलंब नको.

घरातील दक्षता सोपी आहे. अंथरुणातून उठताना आधी दोन मिनिटे बसावे. रात्री न्हाणीघराच्या वाटेवर दिवा असावा, तेथे धरावयास दांडी असावी. चक्कर येत असताना वाहन चालवू नये, स्टुलावर चढू नये. मात्र भीतीपोटी दिवसभर पडूनही राहू नये. जपून केलेल्या हालचालीनेच मेंदू नव्याने तोल शिकतो.

श्रोतेहो, ‘वय झाले, चालायचेच’ हे वाक्य घरातून हद्दपार व्हावे. वयाने चक्कर स्वाभाविक ठरत नाही. एका पडण्याने खुब्याचे हाड मोडते आणि स्वतःच्या पायांवर वावरणारे आजोबा अंथरुणाला खिळतात. घरी गेल्यावर ज्येष्ठांजवळ बसावे, त्यांना ते तीन प्रश्न मराठीत विचारावे आणि उत्तरे चालू औषधांच्या यादीसह एका कागदावर लिहून ठेवावी. डॉक्टरांच्या हाती प्रथम तो कागद द्यावा. निदानाचे निम्मे काम तेथेच झालेले असेल.