बंद पडलेली हार्ड डिस्क आणि तिच्यातील माहिती

रामटेकला १९९७ साली कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ स्थापन झाले. जुन्या पोथ्यांची छायाचित्रे संगणकात जतन करण्याचे महत्त्व या गावी वेगळे सांगावयास नको. तथापि, जीर्ण पान टिपल्यानंतर तुटले, तर ते छायाचित्रच काय ते उरते, आणि ते ज्या हार्ड डिस्कवर असते ती एका क्षणात मुकी होऊ शकते.

अशा वेळी प्रथम केबल व वीजपुरवठा बदलून पाहावा. पुष्कळदा दोष तेवढाच असतो. आतून टकटक आवाज आल्यास मात्र यंत्र तत्काळ बंद करावे. मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर वाचणारे हेड अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. ते घासले की तेथील चुंबकीय लेख कायमचा जातो. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवा, असे सांगणारे हितचिंतक भेटतात. त्याने आत दव धरते, इतकेच! झाकणही घरी उघडू नये. ते निर्धूळ कक्षातले काम आहे.

आवाज नाही, पण वाचन अडखळते, अशा स्थितीत ‘डीडीरेस्क्यू’सारख्या आज्ञावलीने संपूर्ण डिस्कची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. ही आज्ञावली सुस्थितीतील भाग आधी उचलते, बिघडलेल्या भागाकडे मागाहून वळते. फायलींचा शोध त्या नकलेतच घ्यावा. चुकून पुसलेली फाईल तिच्या जागी नवे काही लिहिले जाईपर्यंत बहुधा शाबूत असते. म्हणून मूळ डिस्कवर काहीही साठवू नये. नव्या एसएसडीमध्ये ही सवलत सहसा मिळत नाही. पुसलेली जागा ती स्वतःच रिकामी करून टाकते.