मधुमेह असेल तर स्टेंट की बायपास?

अँजिओग्राफीत तीन रक्तवाहिन्यांत ब्लॉक निघाले, की घरात एकच चर्चा सुरू होते: स्टेंट बसवायचा की बायपास करायची? याचं उत्तर बऱ्याचदा रुग्णाला मधुमेह आहे का, यावर ठरतं.

मधुमेह नसेल आणि अडथळा एक-दोन ठिकाणीच असेल, तर सहसा अँजिओप्लास्टीवर भागतं. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी सरकवून, फुगा फुगवून तिथं स्टेंट बसवतात. मधुमेहात मात्र रक्तवाहिनी बरेचदा लांबवर खराब झालेली असते. स्टेंट तेवढीच जागा मोकळी करतो. बायपासमध्ये छातीच्या आतल्या बाजूची धमनी अडथळ्याच्या पुढे जोडतात. त्यामुळे जोडाच्या अलीकडे नवा ब्लॉक झाला, तरी रक्त पोचत राहतं.

2012 साली प्रसिद्ध झालेल्या 'फ्रीडम' अभ्यासात एकाहून अधिक वाहिन्या अरुंद झालेले 1,900 मधुमेही रुग्ण होते. पाच वर्षांत मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पक्षाघाताचं प्रमाण स्टेंटच्या गटात 26.6 टक्के, तर बायपासच्या गटात 18.7 टक्के आढळलं. पक्षाघात मात्र बायपासनंतर अधिक दिसला.

ही निवड सवडीनं करायच्या उपचाराची. अटॅक आलेला असताना बंद वाहिनी तातडीनं उघडणं महत्त्वाचं. मधुमेहींना छातीत न दुखताही अटॅक येऊ शकतो. अचानक दम लागला, दरदरून घाम फुटला, तर घरी थांबू नका. आणि उपचार कोणताही झाला असो, गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका.