तेलाची झारी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू मातीचं काम करतेस, त्यावर बोल. पण बारा मिनिटांत आटप, पुढं जेवण आहे." म्हणून सगळ्या मातीकामावर न बोलता एकाच भांड्यावर बोलते. तेलाची झारी. पाव लिटर तेल मावेल, एवढीशी. ती मनासारखी व्हायला सव्वा वर्ष लागलं आणि चौतीस नमुने झाले.

आधी ती कुणासाठी, ते सांगते. माझ्या डब्यातली शेंगाची चटणी तुमच्यापैकी निम्म्या वर्गानं खाल्ली आहे. मधली सुट्टी व्हायच्या आधीच, गणिताच्या तासाला बाकाखालून डबा फिरायचा. आज सरांसमोर हे सांगायला हरकत नाही. ती चटणी करणारी माझी आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. ताटात चटणी घ्यायची, मधे बोटानं खळगा करायचा आणि त्यात करडईच्या तेलाची धार सोडायची, ही तिची आयुष्यभराची रीत. गेली काही वर्षं दोन्ही मनगटांना आणि बोटांच्या सांध्यांना संधिवात आहे. स्टीलची तेलाची बरणी उचलवत नाही. प्लॅस्टिकची बाटली दाबवत नाही. तुम्ही म्हणाल, चमच्यानं घ्यावं. पण चमच्याला चिमट लागते, आणि तिची चिमटच गेली आहे.

म्हणजे दर जेवणाला कुणाला तरी म्हणायचं, "जरा तेल घाल गं." काही महिने ती म्हणाली. मग तिनं म्हणायचं सोडलं आणि चटणी कोरडी खायला लागली. हे मला वहिनीनं फोनवर सांगितलं, तेही दुसऱ्याच विषयावर बोलता बोलता. जिनं अर्ध्या वर्गाला वाढलं, तिला स्वतःच्या ताटात तेल मागून घ्यावं लागतं. मी तर भांडी करणारी बाई. भद्रावतीला ग्रामोदय संघात, कृष्णमूर्ती मिरमिरांनी उभ्या केलेल्या संस्थेत, या कामाचे पहिले धडे घेतलेली. मग दुसरं काही सुचायचं कारण नव्हतं.

पहिले नमुने मी मुठीचे केले, कपाला असते तशी मागच्या बाजूला मूठ. आईनं एक हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "तांब्याला कधी मूठ असते का?" खरंच नसते. तांब्या, गडू, कळशी, चंबू ही आपली पाणी ओतायची भांडी गळ्याला धरून उचलायची. मूठ लागते ती भांडं गरम असेल तर. चहाच्या किटलीला ती हवी, तेलाला कशाला? शिवाय मुठीत दोन-तीन बोटं अडकवून सगळं वजन त्यांच्यावर तोलावं लागतं. गळा धरला की अख्खा पंजा वजन घेतो. मूठ गेली. तिच्या जागी लांबट गळा आला.

आता गळा किती जाड? दिसायला नाजूक गळा छान दिसतो. साडेतीन सेंटिमीटरचा एक केला, प्रदर्शनात ठेवावा असा. आईच्या बोटांना तो धरवेना, कारण तिची मूठ तेवढी मिटतच नाही. दोऱ्यानं तिच्या अर्धवट मिटलेल्या पंजाचं माप घेतलं. पाच सेंटिमीटर आलं. ही माती ओल्यापासून भट्टीतून निघेपर्यंत शंभराला बारा आकसते, म्हणून चाकावर गळा पावणेसहाच्या आसपास ठेवायचा. आणि गळ्याला झिलई, म्हणजे ग्लेझ, द्यायची नाही. तेलकट हातातून गुळगुळीत भांडं सटकतं. तिथं माती उघडी आणि जराशी खरबरीत ठेवली.

मग कलवण्याचा प्रश्न. निरोगी मनगट भांडं जवळजवळ आडवं करू शकतं. आईचं मनगट चाळीस अंशांच्या पुढं जात नाही. मी शाळेतला कोनमापक लावून पाहिलं आहे, हसू नका. तोटीचं टोक जितकं उंच, तितकं तळातलं तेल काढायला भांडं जास्त कलवावं लागतं. टोक खाली आणलं तर तेल कमी मावतं, कारण तेल टोकाच्या पातळीच्या वर भरलं की ते आपोआप तोटीतून बाहेर येणार. यावर उपाय एकच, भांडं बुटकं आणि पसरट करायचं, तोटी बुडाजवळून काढून लांब पुढं न्यायची. टोकाची उंची सात सेंटिमीटर आणि तोटीची लांबी नऊ ठेवली, तेव्हा शेवटचं तेलही चाळीस अंशांच्या आत निघायला लागलं. वर लांब रिकामा गळा, खाली पसरट पोट, पुढं चोच. आई म्हणाली, "हे बदक झालं की गं." तेव्हापासून घरात त्याला झारी कुणी म्हणत नाही.

इथवर पंधरा-सोळा नमुने झाले होते. त्यापुढचे बहुतेक गेले तोटीच्या शेवटच्या तीन मिलिमीटरांत.

किटलीतून चहा ओतताना शेवटची धार कपात न पडता किटलीच्या पोटावरून टेबलावर येते, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. आपण किटलीला नावं ठेवतो आणि फडकं मारतो. शास्त्रज्ञांनी मात्र त्यावर शोधनिबंध लिहिले. मार्कुस रायनर यांनी १९५६ मध्ये हा प्रश्न मांडला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतले गणितज्ञ जोसेफ केलर यांनी दाखवलं, की ओठावरून वळताना द्रवातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, म्हणून हवाच त्या धारेला तोटीकडं दाबून धरते. न गळणाऱ्या तोटीच्या गणिताबद्दल केलर आणि ज्याँ-मार्क व्हांडेन-ब्रुक यांना १९९९ मध्ये इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात, ते पारितोषिक. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. माझं तर तेच काम चाललं होतं.

आईच्या बाबतीत अडचण दुप्पट होती. धार जोरात असली की ती ओठावरून पुढं उडते, मागं वळत नाही. मंद झाली की वळते. आणि दुखऱ्या मनगटाचा माणूस सावकाशच ओतणार. त्यात तेल. विज्ञानाच्या सरांनी नववीत पाण्यावर ब्लेड तरंगवून पृष्ठताण शिकवला होता, तो आठवा. तेलाचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहून कमी, म्हणून ते झिलईवर सहज पसरत जातं. आणि दाटपणा पाण्याच्या साधारण पन्नास पट, म्हणून एकदा चिकटलं की सावकाश, पण नेमकं बुडापर्यंत पोचतं. पाण्यावर उत्तम चालणाऱ्या माझ्या चार तोट्या तेलावर नापास झाल्या. नंतर मी पाण्यानं तपासणंच बंद केलं. जुनं वर्तमानपत्र अंथरायचं, झारीतून वीस वेळा थोडं थोडं तेल ओतायचं, दर वेळी मधेच थांबायचं, आणि कागदावर किती डाग पडले ते मोजायचं.

गोल, जाड ओठाला वीसपैकी अठरा डाग. ओठ धारदार केला, तर सहा. चोच पोपटासारखी खाली वळवली, तर तीन. पण धारदार ओठाचं दुखणं असं, की भट्टीत झिलई वितळली की कडेवर जमून तिला पुन्हा गोल करते. चाकावर मी कड काढते आणि भट्टी ती बुजवते. त्यासाठी भाजायच्या आधी ओल्या स्पंजनं ओठाच्या कडेवरची झिलई पुसून नावापुरती ठेवायला लागले. शिवाय चोचीच्या खाली, कडेपासून तीन मिलिमीटर मागं, बांबूच्या काडीनं एक आडवी खाच दिली. मागं वळलेला थेंब त्या खाचेपाशी अडतो आणि झारी सरळ केली की थोडा पुढं परततो. त्या नमुन्याला वीसपैकी एक डाग, तोही कधी कधी. हे सांगायला दोन मिनिटं लागली, करायला सात महिने.

आता मातीकडं येते, आणि त्यासाठी आपल्यातल्या एकाचं ऋण सांगायला हवं. तो कुंभार वेशीतल्या घरातला. नाव घेत नाही, घेतलं तर तो आत्ता उठून बाहेर जाईल. गड्ड्याच्या यात्रेत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, लाखभर लोक बघतात. त्याच दिवसांत संक्रांतीची सुगडं घरोघर जातात. उरलेलं वर्ष मात्र कुंभाराची आठवण उन्हाळ्यात माठापुरती. माझी झारी पुण्याच्या प्रदर्शनात नऊशे रुपयांना जाते आणि त्याच्या माठाला अडीचशे देताना लोक घासाघीस करतात. मला हे पटत नाही, आणि मी ते त्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "तुझी झारी माणूस एकदा घेतो. माझा माठ दर उन्हाळ्यात घेतो." तरी मला ते पटलेलं नाही.

चाकावर केलेली तोटी भट्टीत किंचित पीळ सोडते आणि चोच एका बाजूला कलते. हे त्याला ठाऊक होतं, कारण त्याच्या आजोबांनी तोटीचे माठ केले होते. त्यामुळं मी चोच कापतानाच उलट बाजूला जराशी तिरपी कापते. भाजून आली की सरळ दिसते. आपल्या सोलापूरच्या उन्हाचा मारही त्यालाच माहीत. एप्रिलच्या वाऱ्यात पातळ तोटी दुपारपर्यंत वाळते, जाड पोट ओलं राहतं, आणि सांध्यावर केसासारखी भेग येते. त्याच्या सांगण्यावरून मी झाऱ्या जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळते, चादर ओलसर ठेवते आणि आठ दिवस घाई करत नाही. प्लॅस्टिकखाली घाम धरतो. चादर ओल धरून हळूहळू सोडते.

आपल्या काळ्या मातीचीच झारी करावी, अशी माझी फार इच्छा होती. ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. शेतात पाय अडकावा एवढ्या भेगा तुम्ही पाहिल्याच आहेत. कुंभार तिच्यात तळ्याचा गाळ, राख, लीद घालून तिला वळवून घेतात आणि कमी आचेवर भाजतात. माझी भट्टी १२४० अंशांवर जाते. त्या आचेवर काळी माती उभी राहत नाही, लोखंड आणि चुन्यामुळं चक्क वितळते. मित्र म्हणाला, "वितळते तर वितळू दे, वरून लाव." म्हणून अंग बाहेरून आणलेल्या पांढरट मातीचं, आणि झिलई आपल्या काळ्या मातीची. चाळलेली माती, त्यात बाभळीच्या लाकडाची राख, पाणी, बस्स. शिसं नाही, बाजारचा रंग नाही. भट्टीतून निघते तेव्हा काकवीसारखी काळसर तपकिरी दिसते, आणि कडेला जिथं पातळ असते तिथं तांबूस.

आईकडं एकोणतिसावा नमुना आहे. त्याच्या चोचीचा एक टवका मोरीत आपटून उडाला, पण तो ती बदलू देत नाही. मागच्या दिवाळीपासून तेल स्वतःच्या हातानं घेते. जरा जास्तच घेते, डॉक्टर ओरडतात. कौतुक म्हणाल तर अजून केलेलं नाही. झाकण ढिलं आहे आणि कलवलं की घसरतं, एवढंच सांगितलं. तिचं म्हणणं बरोबर आहे. तिसाव्यापासून चौतिसाव्यापर्यंतचे नमुने झाकणाचेच आहेत. झाकण घट्ट बसवलं की आत हवा जात नाही आणि धार गचके खाते, म्हणून त्याला बारीक भोक ठेवावं लागतं. भोक मोठं झालं की मुंग्यांची सोय. त्यावर काम चालू आहे.

जेवणाच्या हॉलमध्ये, भाकरीच्या टेबलाजवळ सहा झाऱ्या ठेवल्या आहेत, करडईचं तेल भरून. चटणी आईनं सांगून वहिनीकडून करवून घेतली आहे. डाव्या हातानं ओता, सावकाश ओता, आणि मधेच थांबा. खाली कागद अंथरला आहे. डाग पडला तर झारीच्या बुडाशी नंबर आहे, तो मला येऊन सांगा.