चेंडू खरखरीत की चकचकीत?



टेनपिन बोलिंगची लेन पाहिली आहे तुम्ही?
कशी चकाकते!
त्या चमकेमागे तेल असतं.

फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत अंतर 60 फूट.
त्यातल्या साधारण पहिल्या 40 फुटांवर तेलाचा पातळ थर देतात.
पुढचा भाग कोरडा राहतो.

फिरकी दिलेला चेंडू तेलावर घसरतो.
कोरड्या भागात तो पकड घेतो,
आणि पिनांकडे वळतो.

आता चेंडूवरून बोट फिरवून पाहा.
पॉलिश केलेला चेंडू काचेसारखा लागतो.
घासलेला चेंडू किंचित खरखरीत लागतो.

खरखरीत चेंडू लवकर पकड घेतो.
तेल जास्त असेल, तर तो कामाला येतो.

चकचकीत चेंडू लांबवर घसरतो,
आणि उशिरा वळतो.
तेल कमी असेल, तर तो बरा.

चेंडू घासायला खास चकत्या मिळतात.
चकतीवरचा आकडा लहान, तर चेंडू भरड घासला जातो.
आकडा मोठा, तर बारीक घासला जातो.

आणखी एक गोष्ट.
रिॲक्टिव्ह रेझिनचे चेंडू तेल शोषतात.
म्हणून प्रत्येक फेकीनंतर चेंडू कोरड्या फडक्याने पुसा.
खेळून खेळून खरखरीतपणाही झिजतो.
तेव्हा अधूनमधून चेंडू पुन्हा घासून घ्या.

नवा, महागडा चेंडू घेण्याआधी,
हातातल्या चेंडूचा पृष्ठभाग नक्की तपासा.

तेव्हा श्रोतेहो, एवढं लक्षात ठेवा.
तेल जास्त, तर चेंडू खरखरीत.
तेल कमी, तर चेंडू चकचकीत.