फुलांचे रंग आणि मधमाशीची दृष्टी

(शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



मराठीच्या अध्यापकाने फुलांविषयी बोलायचे म्हणजे कमळ आणि भ्रमर यांच्याविषयीच बोलावे, अशी आपली अपेक्षा असेल. आपल्या काव्यपरंपरेने भ्रमराला रसिक ठरविले. फुलाच्या रंगगंधाने तो वेडावतो असे मानले. पण फुलाचा जो रंग आपल्याला दिसतो तोच कीटकालाही दिसतो काय? मधमाशीपुरता हा प्रश्न आज मी आपल्यापुढे मांडणार आहे.

१७९३ साली बर्लिन येथे फुलांच्या रचनेवर एक जर्मन ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचा कर्ता क्रिस्तियान कोनराड श्प्रेंगेल हा श्पांडाउ येथील शाळेचा मुख्याध्यापक होता. ‘फर्गेट-मी-नॉट’ या इवल्याशा निळ्या फुलाच्या मध्यभागी पिवळे कडे असते. मकरंदाची वाट कीटकाला दाखविण्यासाठीच ते असावे, असा तर्क त्याने केला. फुलाचा रंग ही केवळ शोभा नसून कीटकासाठी केलेली खूण आहे, हा विचार त्याच्या समकालीनांना मानवला नाही. ग्रंथ उपेक्षित राहिला. १८४१ मध्ये रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सल्ल्यावरून चार्ल्स डार्विनने तो मिळवून वाचला, आणि अठ्ठेचाळीस वर्षांनी त्या ग्रंथाला त्याचा खरा वाचक भेटला. ग्रंथालये कशासाठी असतात, याचे याहून चांगले उत्तर मला ठाऊक नाही.

परंतु तर्क म्हणजे सिद्धता नव्हे. मधमाशीला रंग कळतात हे दाखवायचे कसे? अमेरिकेतील सेंट लुईस येथे चार्ल्स हेन्री टर्नर नावाचे कृष्णवर्णीय शिक्षक होते. १९०७ मध्ये शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवूनही त्यांचे आयुष्य शाळेत शिकविण्यातच गेले. १९१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत त्यांनी एका उद्यानात लाल चकत्यांवर मध ठेवून माश्यांना सवय लावली. पुढे शेजारी निळ्या चकत्या ठेवल्या, तरी माश्या लाल चकत्यांकडेच जात राहिल्या.

येथे एक सूक्ष्म शंका उरते. कृष्णधवल छायाचित्रात लाल आणि पिवळे पातळ वेगवेगळे ओळखू येते, पण ते रंगामुळे नव्हे, तर उजळ-काळोख्या छटांमुळे. माशीचेही तसेच नसेल कशावरून? कीटकांना रंग दिसतच नाहीत, असे जर्मनीतील नेत्रतज्ज्ञ कार्ल फॉन हेस त्या काळी ठासून सांगत होते.

या शंकेचे निरसन कार्ल फॉन फ्रिश यांनी केले. त्यांनी टेबलावर करड्या रंगाच्या फिक्या-गडद छटांचे अनेक चौकोन मांडले, त्यांत एकच निळा ठेवला आणि त्याच्यावर साखरपाण्याची वाटी ठेवली. चौकोनाची जागा ते वारंवार बदलत. शेवटी निळ्यावर रिकामी वाटी ठेवली, तरी माश्या त्याच्यावरच उतरल्या. केवळ उजळपणा ओळखत असत्या, तर कोणत्या तरी करड्या छटेशी त्यांनी निळ्याची गल्लत केली असती. लाल रंगाच्या बाबतीत मात्र ती गल्लत झालीच. लाल चौकोनाची सवय लावलेल्या माश्या काळ्या आणि गडद करड्या चौकोनांवरही गेल्या. १९१४ च्या सुमारास हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

याचा अर्थ असा, की आपण ज्याला रंगांचा राजा मानतो तो लाल रंग मधमाशीच्या लेखी जवळजवळ काळोखच होय. उलट आपल्याला न दिसणारे अतिनील किरण तिला दिसतात. सूर्यफुलाची पाकळी आपल्याला सारखीच पिवळी वाटते. पण तिचा बुडाकडचा भाग अतिनील किरण शोषून घेतो आणि टोकाकडचा ते परावर्तित करतो. म्हणून माशीला फुलाच्या मध्याभोवती स्वतंत्र रंगाचे वर्तुळ दिसते. युरोपातील रानअफूच्या लाल फुलांवर माश्या आवर्जून जातात, कारण ती फुले अतिनील किरण परावर्तित करतात. श्प्रेंगेलला एका फुलात जी खूण दिसली, तशा कितीतरी खुणा आपल्या दृष्टीपलीकडे आहेत.

माशी रंग नुसता पाहत नाही, तो शिकते. एखाद्या रंगावर दोन-चार वेळा मकरंद मिळाला की तो तिच्या स्मरणात राहतो. एका फेरीत ती बहुधा एकाच जातीच्या फुलांवर जाते, हे ॲरिस्टॉटलनेही नोंदविले आहे. त्यामुळे एका फुलाचे पराग त्याच जातीच्या दुसऱ्या फुलाला मिळतात आणि फळ धरते. रंग हे फुलाने दिलेले वचन आहे; ते जिथे पाळले जाते तिथे माशी परत येते.

हे वचन आपण बागेत किती पाळतो? केवळ आपल्या डोळ्यांना सुखावणारी, भरगच्च पाकळ्यांची ‘डबल’ फुले आपण लावतो. त्यांतल्या कित्येकांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. तेथे माशीला फारसे काही मिळत नाही. अशा फुलांशेजारी तुळस, सूर्यफूल, मोहरी यांनाही थोडी जागा द्यावी, एवढीच माझी विनंती आहे.