तलवारबाजीचा गुणतक्ता

दौंड-मनमाड रेल्वेने प्रथमच येणाऱ्या माणसाची आमच्याकडे एक गंमत होते. स्टेशनच्या पाटीवर नाव वाचावे तर ‘बेलापूर’, आणि बाहेर येऊन पाहावे तर गाव श्रीरामपूर! खरे बेलापूर तिथून थोडे दूर, प्रवरेच्या काठी. पाटी एका गावाची, वर्दळ दुसऱ्या गावाची. राष्ट्रीय स्पर्धेहून मुलांचा संघ परत येतो तेव्हाही पुष्कळदा असेच घडते. नाव एकाचे होते, आणि ज्याने संघ सावरला तो कोपऱ्यात उभा असतो. आज तलवारबाजीच्या निमित्ताने याविषयी दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत.

तलवारबाजी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दांडपट्टा उभा राहतो. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते. मनगट वळत नाही, म्हणून सारा फिरवा खांद्यातून नि कमरेतून येतो. ऑलिंपिकमधली तलवारबाजी याहून वेगळी. तिथे काम बोटांचे आणि मनगटाचे, आणि त्याहूनही जास्त पायांचे. चौदा मीटर लांबीची एक अरुंद पट्टी, तिच्यावर समोरासमोर दोन खेळाडू, तोंडावर जाळीचा मुखवटा, अंगात जाड पांढरा पोशाख. हत्यारे तीन: फॉइल, इपी आणि सेबर. फॉइलचा वार फक्त धडावर धरतात, सेबरचा कमरेच्या वर कोठेही, आणि इपीचा तर डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत कोठेही.

वार लागला की नाही, हे डोळ्यांनी ठरवीत नाहीत, बरं का. तलवारीतून निघालेली बारीक तार बाहीतून पाठीमागे यंत्राला जोडलेली असते. इपीचे टोक पाऊण किलोच्या दाबाने दबले की दिवा लागतो. इपीत दोघांचे वार एकाच क्षणी लागले तर गुण दोघांनाही मिळतो. फॉइल आणि सेबरमध्ये मात्र दोन्ही दिवे लागले तर चढाईचा हक्क कोणाचा होता, हे पंच सांगतो. डाव सुरू होण्यापूर्वी तलवार उचलून पंचाला आणि प्रतिस्पर्ध्याला सलामी द्यावयाची असते.

आता मुख्य मुद्दा. सांघिक सामना कसा खेळतात, ते नीट ध्यानात घ्या. फॉइलचा किंवा इपीचा संघ घेऊ. दोन्हीकडून तीन-तीन खेळाडू उतरतात. प्रत्येकाने समोरच्या तिघांशी एकेक डाव खेळावयाचा, म्हणजे डाव नऊ. एक डाव जास्तीत जास्त तीन मिनिटांचा. पहिला डाव कोणाचे तरी पाच गुण होईपर्यंत, दुसरा दहापर्यंत, तिसरा पंधरापर्यंत, असे करीत शेवटचा पंचेचाळीसपर्यंत. गंमत अशी की प्रत्येक डावाचे गुण वेगळे मोजीत नाहीत. आधीच्याने जिथे सोडले, तिथूनच पुढच्याने उचलावयाचे. थोरल्या भावाने केलेले कर्ज धाकट्याने फेडावे, तसा हा प्रकार!

समजा, पाच डाव झाले आणि आपला संघ 17-25 असा मागे आहे. सहाव्या डावाला आपला एक मुलगा उतरतो. तीन मिनिटांत तो आठ वार करतो नि चारच खातो. गुण होतात 25-29. आठांची तूट चारावर आली. पुढचे तिघे जीव तोडून खेळतात. पण शेवटी सामना 43-45 असा हातचा जातो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात एकच ओळ येते: अमुक संघ पराभूत. गावात विचारतात, ‘पदक आणलं का रे?’ पोरगा मान खाली घालतो. त्याने आठास चार असा डाव जिंकला होता, हे कोणाला कळणार?

आता उलट बाजूने पाहा. एखादी मुलगी आपले तिन्ही डाव 4-5 असे गमावते. कागदावर पराभव तीन दिसतात. पण समोरच्या संघात देशातल्या उत्तम खेळाडू असतील, तर तिने संघाची तूट तीन गुणांवरच थोपवून धरली, असा त्याचा अर्थ आहे. बांध फुटू न देणे हीही शेतकऱ्याची कमाईच ना?

एक मोठे उदाहरण देतो. भवानी देवी ही चेन्नईची मुलगी. शाळेत या खेळाला लागली, तेव्हा खऱ्या तलवारी महाग, म्हणून सराव बांबूच्या काठ्यांवर चाले. पुढे ती ऑलिंपिकला पात्र ठरणारी पहिली भारतीय तलवारबाज झाली. 26 जुलै 2021 रोजी टोकियोत तिने सेबरमधला पहिला सामना 15-3 असा जिंकला, दुसऱ्यात फ्रान्सच्या मानों ब्रुने हिच्याकडून ती 7-15 अशी हरली. आणि त्यानंतर तिने काय केले? देशाची माफी मागितली! या खेळात ज्या देशाचे कोणी ऑलिंपिकला पूर्वी गेलेच नव्हते, त्या देशाच्या पहिल्या खेळाडूला माफी मागावीशी वाटावी, हा दोष तिचा नव्हे. आपल्या विचारण्याच्या रीतीचा आहे. दोनच वर्षांनी, 2023 साली, चीनमधील वुशी येथे आशियाई स्पर्धेत तिने जपानच्या मिसाकी एमुरा या जगज्जेतीला 15-10 असे हरविले. उपान्त्य सामना 14-15 असा एका वाराने गेला, तरी कांस्यपदक मिळाले. टोकियोतल्या हारीनंतर ती खचून घरी बसली असती, तर हा दिवस उगवला नसता.

हे सांगताना मला माझीच एक चूक आठवते. काही वर्षांपूर्वी आमचा एक विद्यार्थी राष्ट्रीय स्पर्धेहून परतला. वर्गाच्या दारात भेटला, तेव्हा मी सहज म्हणालो, ‘काय, रिकाम्या हातानेच आलात वाटतं?’ माझ्या मनात थट्टा होती. तो हसला. पण त्यानंतर तो मैदानावर फारसा दिसला नाही. त्याने किती डाव जिंकले, समोर कोण होते, हे मी विचारलेच नाही. पुढे त्याचा गुणतक्ता माझ्या पाहण्यात आला. संघाचे सर्वांत जास्त गुण त्याचे होते.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी विनंती आहे. संघ परत आला की गुणतक्त्याची प्रत मागून घ्या. प्रार्थनेच्या वेळी पदकांची नावे जरूर वाचा. पण त्याबरोबर हेही वाचा, की कोण किती मागे असताना उतरला आणि किती तूट भरून आला. पालकांनीही एवढे करावे. प्रमाणपत्रामुळे परीक्षेत वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, हे खरेच आहे, आणि त्यात गैर काही नाही. पण तेवढ्यासाठीच मूल मैदानावर धाडले, तर दहावी संपताच खेळही संपतो. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात तलवारबाजीचे शिक्षण मिळते. तिथवर पोहोचायचे, तर दहावीनंतरही टिकून राहावे लागते.

आणि सुरुवात करावयाला लाखांचे सामान लागत नाही. शाळेच्या मैदानावर चुन्याने चौदा मीटरची पट्टी आखा. पुढे पाऊल, मागे पाऊल, झेप आणि पुन्हा पूर्वस्थिती, एवढे वर्षभर घोटून घेतले तरी पाया पक्का होतो. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. मुखवटा, पोशाख आणि जाणता शिक्षक यांच्याशिवाय मुलांना एकमेकांवर काठी चालवू देऊ नका. डोळा एकदा गेला की परत येत नाही.

गाडीतून उतरणाऱ्याने पाटी वाचून थांबू नये. खरे बेलापूर कुठे आहे, ते विचारावे. तसेच स्पर्धेहून आलेल्या आपल्या लेकरालाही विचारावे, ‘तू उतरलास तेव्हा गुण किती होते, आणि परतलास तेव्हा किती?’ एवढे विचारले, की ते पोर मान वर करून बोलू लागेल.