पिठाच्या बरणीतले कोळी

काचेच्या पेटीत मुंगळे पाळून मुलांना त्यांचा संसार दाखवण्याची हौस काही शिक्षकांना असते. मुंगळ्यांना गुळाचं पाणी दिलं की झालं, असं आपल्याला वाटतं. मोठ्यांचं त्यावर भागतं. पण राणीची पिल्लावळ, म्हणजे अळ्या, वाढायच्या तर किड्यांचा आहार हवा. त्यासाठी बरणीत पीठ घालून त्यात पिठातले तांबडे भुंगेरे वाढवायचे आणि त्यांच्या अळ्या मुंगळ्यांना द्यायच्या. उन्हाळ्यात महिना-सव्वा महिन्यात नवी पिढी तयार होते.

पण पाऊस लागला की एक दिवस बरणीच्या काचेवर तपकिरी धूळ चढलेली दिसते. पिठाला उग्र वास येतो. भिंग लावून पाहा, ती धूळ चालत असते! हे कोळी. वांग्याच्या पानामागं लाल कोळी असतो ना, त्याचेच हे भाऊबंद. अंगानं अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, आणि पूर्ण वाढ झाल्यावर पाय आठ. शंका असेल तर थोडं पीठ काचेवर पट्टीनं सपाट करून ठेवा. काही तासांनी वरचा भाग आपोआप खडबडीत झाला, तर कोळी आहेत असं समजा.

आता उपाय. कीटकनाशक पावडर मुळीच टाकू नका. भुंगेरे जातील, आणि त्या अळ्या खाऊन मुंगळेही जातील. शत्रूचं मर्म ओळखा. कोळी ओलाव्यावर जगतो. भुंगेऱ्याला मात्र अगदी कोरडं पीठ चालतं. म्हणजे कोरडेपणा हेच आपलं औषध!

नवं पीठ मंद आचेवर तव्यावर चांगलं गरम करून पूर्ण निववा. जुनं पीठ मैद्याच्या चाळणीनं चाळा. कोळी पिठाबरोबर खाली पडतात, भुंगेरे आणि मोठ्या अळ्या वर राहतात. त्या नव्या बरणीत घाला. काही कोळी भुंगेऱ्यांच्या अंगाला चिकटून येतातच, म्हणून आठवड्यानं पुन्हा चाळून आणखी एका बरणीत हलवा. चाळलेलं पीठ उकळत्या पाण्यात टाका. चाळताना नाकाला फडकं बांधा. या धुळीनं खाज सुटते, दम्याच्या माणसाला त्रास होतो. मुलांना ते काम देऊ नका.

बरणीत गाजर-बटाट्याच्या फोडी ठेवू नका. तोंडाला बारीक विणीचं कापड बांधा आणि बरणी घरच्या धान्यापासून लांब ठेवा. भुंगेरा सुटला तर तुमचंच पीठ खाईल. दुसरी बरणी वेगळ्या खोलीत राखून ठेवा, एक बिघडली तरी मुंगळे उपाशी राहणार नाहीत. अळी देण्यापूर्वी क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवून टिपून घ्या, म्हणजे कोळी वारुळात पोचणार नाहीत. उरलेलं खाणं दुसऱ्या दिवशी काढून टाका.

गुरुजी, बरणी बिघडलीच तर गुपचूप फेकून देऊ नका. एक बरणी कोरड्या जागी, एक दमट जागी ठेवा आणि काय होतं ते मुलांनाच पाहू द्या. घरचं पीठ पावसाळ्यात का बिघडतं, हे मग त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही.